संगणकाचे दार का उघडत नाही?



संगणक ही आता केवळ कचेरीतील किंवा कारखान्यातील वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, जातीचा दाखला, वडिलांच्या नोकरीची कागदपत्रे, बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे असा सगळा संसार अनेक घरांत एकाच यंत्राच्या पोटात साठविलेला असतो. अशा घरात एखाद्या सकाळी ‘अपडेट पूर्ण झाले’ असे सांगून यंत्र पुन्हा सुरू होते. आपण नेहमीचा पासवर्ड घालतो आणि यंत्र उत्तर देते की, पासवर्ड चुकीचा आहे. कालपर्यंत चालत असलेला शब्द आज चुकीचा कसा ठरला? घरात एकच गोंधळ उडतो. कोणी म्हणतो, व्हायरस शिरला. कोणी म्हणतो, यंत्र बिघडले. शेवटी कोणीतरी सल्ला देतो की, सगळे पुसून टाका आणि नव्याने बसवून घ्या. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असते. घाबरलेले कुटुंब तो सल्ला मानते, आणि वर्षानुवर्षांचा ठेवा घटकेत नाहीसा होतो.

वस्तुतः अपडेटनंतर दार उघडले नाही, म्हणजे आतील सामान गेले असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा सामान जागच्या जागी असते आणि अडथळा दारापर्यंतच्या वाटेवर कोठेतरी असतो. तो कोठे आहे हे शांत चित्ताने व क्रमाक्रमाने शोधून काढता येते. हा क्रम कोणता, आणि त्यामागील कारणे कोणती, हे या लेखात पाहू.

अपडेट म्हणजे काय?

संगणकाच्या निरनिराळ्या भागांकडून काम करवून घेणाऱ्या मुख्य आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही तिची परिचित नावे होत. पुण्यात मुख्य केंद्र असलेल्या सी-डॅक या संस्थेने लिनक्सच्या पायावर ‘बॉस’ नावाची भारतीय कार्यप्रणालीही तयार केली आहे. मनुष्याने रचलेल्या प्रत्येक गोष्टीप्रमाणे कार्यप्रणालीतही दोष राहून जातात. चोरट्यांना त्यांचा सुगावा लागण्यापूर्वी ते बुजविणे आवश्यक असते. ही डागडुजी म्हणजेच अपडेट. म्हणून अपडेट टाळणे हा उपाय नव्हे. छपराची कौले शाकारली नाहीत तर पावसाळ्यात घर गळणारच.

कधी डागडुजी किरकोळ असते, तर कधी सगळे घरच नव्याने बांधल्यासारखे होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण पाठिंबा संपला, आणि त्या सुमारास अनेक घरांतील व शाळांतील यंत्रे विंडोज ११ कडे वळली. एवढा मोठा फेरबदल झाला की प्रवेशाचा पडदाही वेगळा दिसू लागतो आणि माणूस गोंधळतो.

येथे आपल्याच प्रदेशाचे उदाहरण घेऊ. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. सरकारी कागदांवरील नाव बदलले, कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या. परंतु सिल्वासा जेथे होते तेथेच राहिले. दमणगंगेचे पात्र हलले नाही. आपले घर, शेत आणि शाळा जागच्या जागी राहिली. संगणकाच्या अपडेटचेही बहुधा असेच असते. पाट्या बदलतात, आपल्या फायली ज्या कप्प्यात होत्या त्याच कप्प्यात राहतात.

पहारेकरी काय तपासतो?

जुन्या काळी गडाच्या दरवाजावर रात्री येणाऱ्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. शब्द बरोबर आला तर दिंडी उघडे. संगणकाचा पासवर्ड हा असाच परवलीचा शब्द आहे. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मार्गदर्शनाखाली एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धती उभी राहिली. प्रत्येकाचे काम दुसऱ्यापासून वेगळे ठेवावे लागे, म्हणून तेथे प्रत्येकास पासवर्ड देण्यात आला. त्या वेळी सर्वांचे पासवर्ड एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ साली दोन फायलींची अदलाबदल झाली आणि ती यादीच आत येणाऱ्या प्रत्येकासमोर छापून येऊ लागली!

पुढे शास्त्रज्ञांनी निराळा मार्ग काढला. रॉबर्ट मॉरिस व केन टॉमसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे विवेचन आहे. यंत्राने शब्द साठवावयाचा नाही. एका गणिती क्रियेने त्याचे रूपांतर करून केवळ ते रूपांतर साठवावयाचे. आपण शब्द टंकित केला की यंत्र तीच क्रिया पुन्हा करते आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहते. ही क्रिया उलट करता येत नाही. गव्हाचे पीठ दळता येते, पण पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत, तसे हे आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, ‘तुमचा विसरलेला पासवर्ड मी यंत्रातून काढून देतो’ असे म्हणणाऱ्यावर सहसा विश्वास ठेवू नये. नवा पासवर्ड बसविता येतो, जुना वाचता येत नाही. दुसरी अशी की, यंत्र अर्थ पाहत नाही. एक अक्षर, एक अंक किंवा एका अक्षराचा लहानमोठेपणा बदलला तरी सर्व उत्तर बदलते. ‘जवळजवळ बरोबर’ असे यंत्राच्या दप्तरी काही नसते.

आता शोधाला लागू. चांगला वैद्य जसा साध्या उपायापासून आरंभ करतो, तसेच येथेही करावे.

पहिली तपासणी : कळफलक

सर्वांत सामान्य कारण सर्वांत शेवटी सुचते, ते म्हणजे कळफलकाची भाषा. आपल्या सिल्वासात मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा रोज कानावर पडतात. एकाच घरातील संगणकावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी असे तीन कळफलक बसविलेले असणे येथे स्वाभाविक आहे. अपडेटनंतर यंत्र पुन्हा सुरू होताना त्यांचा क्रम कधी कधी बदलतो आणि इंग्रजीऐवजी दुसरीच भाषा पुढे येते.

भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरविली. तिच्यात इंग्रजी ‘एच’च्या कळीवर ‘प’ आहे, ‘जे’च्या कळीवर ‘र’ आहे आणि ‘एल’च्या कळीवर ‘त’ आहे. बोटे सवयीने जुन्याच कळा दाबतात, परंतु यंत्राला मिळतात ती देवनागरी अक्षरे. पडद्यावर मात्र केवळ काळे ठिपके उमटतात, त्यामुळे चूक दिसत नाही आणि माणूस पुन्हा पुन्हा तोच शब्द टंकित करीत राहतो.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये प्रवेशाच्या पडद्यावर उजव्या बाजूस खालच्या कोपऱ्यात चालू भाषेचे संक्षिप्त नाव असते. तेथे टिचकी मारून इंग्रजी निवडावी. पासवर्डाच्या चौकटीत शेवटी डोळ्याचे चिन्ह असते. आजूबाजूस कोणी नाही हे पाहून ते दाबावे, म्हणजे आपण खरोखर काय लिहिले ते दिसते. त्याच वेळी ‘कॅप्स लॉक’ चालू आहे का, आणि उजवीकडील अंकांसाठी ‘नम लॉक’ चालू आहे का, हेही पाहावे. या तीन गोष्टी तपासण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि बरीच दारे एवढ्यानेच उघडतात.

दुसरी तपासणी : कोणती किल्ली?

आता एकाच दाराला दोनतीन किल्ल्या असतात. एक खात्याचा पासवर्ड, दुसरा पिन, तिसरे बोटाचे ठसे अथवा चेहरा. पिन आणि पासवर्ड एकच आहेत असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. पासवर्ड खात्याचा असतो आणि त्या खात्याला कोठूनही चालतो. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, आणि तो यंत्रातील टीपीएम नावाच्या सुरक्षा घटकाच्या आधाराने जपलेला असतो. अपडेटमुळे त्या घटकाची मांडणी बदलली, तर ‘पिन उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. येथे पिन पुन्हा पुन्हा घालण्यात अर्थ नसतो. पडद्यावरील ‘साइन-इन ऑप्शन्स’ म्हणजे प्रवेशाचे पर्याय उघडून पासवर्डाची किल्ली निवडावी आणि आत गेल्यावर नवा पिन करावा.

कधी किल्लीचे चिन्हच दिसत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आलेल्या एका अपडेटनंतर विंडोज ११ च्या काही यंत्रांवर पासवर्डाचे चिन्ह अदृश्य झाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने हा दोष मान्य केला आणि सांगितले की, चिन्ह दिसत नसले तरी बटण जागेवरच आहे. त्या रिकाम्या जागेवर बाण नेला की चौकट उमटते व टिचकी मारता येते. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांना आपला पासवर्डच रद्द झाला असे वाटले असल्यास नवल नाही.

तिसरी तपासणी : कोणाचे खाते?

प्रवेशाच्या पडद्यावर खात्याचे नाव वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. घरातील यंत्रावर वडिलांचे, ताईचे आणि धाकट्या भावाचे अशी खाती असतात. अपडेटनंतर पडद्यावर भावाचे नाव पुढे आलेले असते आणि आपण ताईचा पासवर्ड घालीत असतो. म्हणून नाव वाचावे. दुसरे हवे असल्यास डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातील यादीतून निवडावे.

खात्यांचे प्रकारही दोन आहेत. एक केवळ त्या यंत्रावरचे स्थानिक खाते; दुसरे ई-मेलच्या पत्त्याला बांधलेले खाते. ई-मेलच्या खात्याचा पासवर्ड कोणी मोबाइलवरून बदलला असेल, तर इंटरनेटशी जोडलेले यंत्र नवा पासवर्ड मागते. जोडणी तुटलेली असेल तर त्याला नव्या पासवर्डाची वार्ताच नसते, आणि ते जुन्यावरच अडून बसते. म्हणून पासवर्ड मागील काही दिवसांत बदलला होता काय, आणि प्रवेशाच्या पडद्यावर वाय-फायची जोडणी दिसते काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल तर ई-मेलच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून अथवा मोबाइलवरून कंपनीच्या अधिकृत स्थळी नव्याने बसविता येतो. त्यासाठी खात्यात नोंदविलेल्या मोबाइल क्रमांकावर किंवा दुसऱ्या ई-मेलवर सांकेतिक अंक पाठविला जातो. येथेच पुष्कळ कुटुंबांचे घोडे अडते. नोकरीनिमित्त गाव बदलले, सिमकार्ड बदलले, पण खात्यातील क्रमांक जुनाच राहिला. आपल्या औद्योगिक वसाहतींत दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली कित्येक कुटुंबे आहेत. त्यांनी मोबाइल क्रमांक बदलला की त्याच दिवशी खात्यातील नोंद बदलावी.

चौथी तपासणी : दार उघडले, पण खोली रिकामी

कधी पासवर्ड मान्य होतो, पण आत गेल्यावर आपले काहीच दिसत नाही. छायाचित्रे नाहीत, फायली नाहीत, पडदा नव्यासारखा कोरा! अशा वेळी काळजाचा ठोका चुकणे साहजिक आहे. पुष्कळदा घडलेले असते ते असे: यंत्राला आपले नेहमीचे दालन उघडता आलेले नसते, म्हणून त्याने आपल्याला तात्पुरत्या दालनात बसविलेले असते. या दालनात केलेले काम बाहेर पडताच पुसले जाते. म्हणून तेथे नवीन काहीही साठवू नये. बाहेर पडून यंत्र पुन्हा सुरू करावे. दोनतीनदा करूनही तसेच राहिले तर जाणकार माणसाला बोलवावे. मूळ फायली बहुधा मुख्य तबकडीवर ‘यूजर्स’ नावाच्या कप्प्यात आपल्या नावाखाली सुखरूप असतात. नवे खाते उघडून त्या तेथे आणता येतात.

लिनक्समध्ये याचे निराळे रूप दिसते. पासवर्ड घातला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि पुन्हा प्रवेशाचाच पडदा समोर! येथे पासवर्ड चुकलेला नसतो. तो चुकला असता तर यंत्राने तसे सांगितले असते. आत गेल्यावर चित्रमय पडदा उभा राहू शकलेला नसतो. त्याची नेहमीची कारणे तीन. तबकडी पूर्ण भरली, चित्रपटलाचा चालक नव्या अपडेटशी जुळला नाही, अथवा घरच्या कप्प्यातील एखाद्या आवश्यक फायलीची मालकी बदलली. ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ३’ या कळा एकदम दाबल्या की साधा अक्षरांचा पडदा मिळतो. तेथे तोच पासवर्ड चालला, तर पहारेकऱ्यावरील संशय संपला आणि दोष आतल्या खोलीत आहे हे सिद्ध झाले. दोन शक्यतांपैकी एक निश्चितपणे बाद करणे, हीच शास्त्रीय शोधाची रीत होय. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो.

पाचवी तपासणी : अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

आता सर्वांत अवघड प्रसंग. यंत्र सुरू होताच, प्रवेशाच्या पडद्यापूर्वीच, एक निळा पडदा येतो आणि अठ्ठेचाळीस अंकांची पुनःप्राप्तीची किल्ली मागतो. ही बिटलॉकर नावाची व्यवस्था. यंत्र चोरीस गेले तरी चोराला तबकडी वाचता येऊ नये, म्हणून तीवरील सर्व मजकूर सांकेतिक रूपात ठेवलेला असतो. नेहमी यंत्र स्वतःच ते कुलूप उघडते. परंतु अपडेटमुळे सुरुवातीच्या मांडणीत बदल झाला, तर त्याला शंका येते की, कोणी तबकडी काढून दुसऱ्या यंत्रात तर घातली नाही ना? मग ते मालकाला किल्ली विचारते. नव्या यंत्रांवर हे कुलूप बहुधा आपोआप लागलेले असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

ही किल्ली बहुधा यंत्राच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. दुसऱ्या यंत्रावरून त्या खात्यात जाऊन ती पाहता येते. पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांकही दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातील नोंदीशी जुळवून योग्य ती किल्ली घ्यावी.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे. या किल्लीत सहा सहा अंकांचे आठ गट असतात, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. समजा, एक गट १३५७९५ आहे. एकाआड एक अंकांची बेरीज करा : १ + ५ + ९ = १५ आणि ३ + ७ + ५ = १५. दोन्हींतील फरक शून्य. म्हणून ११ ने भाग जातो. आता घाईत ३ आणि ५ यांची अदलाबदल होऊन १५३७९५ लिहिले गेले. बेरजा होतात १ + ३ + ९ = १३ आणि ५ + ७ + ५ = १७. फरक ४ आला, चूक उघड झाली! एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन निरनिराळे अंक उलटेसुलटे झाले, तर ही कसोटी ते हमखास पकडते. वर्गात शिकलेली विभाज्यतेची कसोटी अशी एका कुलपाच्या पोटात राबत असते.

एका शुक्रवारची गोष्ट

किल्ली जपून ठेवण्याचे महत्त्व १९ जुलै २०२४ या दिवशी साऱ्या जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची सुरक्षा आज्ञावली अनेक मोठ्या संस्थांच्या विंडोज यंत्रांवर बसविलेली होती. त्या शुक्रवारी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने एक लहानशी अपडेट फाईल धाडली. ती विंडोजची नव्हती. परंतु ही आज्ञावली कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्याशी काम करीत असल्याने फाईलमधील दोषामुळे यंत्रेच कोलमडली. ती पुन्हा सुरू होत, प्रवेशाच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच निळा पडदा दाखवीत, आणि पुन्हा कोसळत. ७८ मिनिटांनी कंपनीने ती फाईल मागे घेतली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तोवर सुमारे ८५ लाख यंत्रे सापडली होती. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद येथील विमानतळांवर प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. काही प्रवाशांच्या हाती चक्क शाईने लिहिलेले प्रवेशपत्र पडले.

उपाय तसा सोपा होता. ‘सेफ मोड’ म्हणजे कमीत कमी सामग्रीनिशी यंत्र सुरू करावयाचे आणि ती एक फाईल काढून टाकावयाची. परंतु असंख्य यंत्रांवर बिटलॉकरचे कुलूप होते. तेथे आधी अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली घालावी लागे, आणि हे काम बहुधा यंत्रापाशी जाऊन, एकेका यंत्रावर करावे लागे. ज्यांच्या किल्ल्यांची यादी नीट व हाताशी होती, त्यांची कामे लवकर सुरू झाली. ज्यांची यादी बंद पडलेल्या यंत्रातच अडकली होती, त्यांचे हाल काय झाले असतील याची कल्पना करावी. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरीच बंद करावी, तसा तो प्रकार.

घरच्या यंत्रालाही ‘सेफ मोड’ची सोय असते. प्रवेशाच्या पडद्यावरील वीजबटणाचे चिन्ह उघडून, ‘शिफ्ट’ कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडले की दुरुस्तीचा पडदा येतो. त्यातील ‘ट्रबलशूट’ या भागात नुकतीच आलेली अपडेट काढून टाकण्याचा पर्यायही असतो. आवृत्तीच बदलली असेल तर साधारणपणे दहा दिवसांपर्यंत जुन्या आवृत्तीकडे परतता येते. हे उपाय वडीलधाऱ्यांच्या अथवा शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि पडद्यावरील प्रत्येक ओळ वाचूनच करावेत.

काय करू नये

अपडेट चालू असताना, ‘यंत्र बंद करू नका’ असे लिहिलेले असूनही, कंटाळून वीज तोडू नये. अर्धवट राहिलेली दुरुस्ती मूळ दोषापेक्षा वाईट. पावसाळ्यात वीज जाण्याचा संभव असतो, म्हणून मांडीवरच्या संगणकाची बॅटरी भरून घ्यावी आणि आकाशात गडगडाट असताना अपडेटला हात घालू नये.

पासवर्डाचे अंदाज एकामागून एक लढवू नयेत. वारंवार चुकल्यास यंत्र काही काळ दारच बंद करते. दोनदा नीट पाहून टंकित करावा, आणि मग वरील क्रमाने तपासणी करावी.

‘सर्व काही काढून टाका’ असा पर्याय आला तर थांबावे. फायली राखून कार्यप्रणाली नव्याने बसविण्याचा पर्याय त्याच्याच शेजारी असतो. त्यानेही वरून बसविलेल्या आज्ञावल्या जातात, हे लक्षात असू द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पडद्यावर अचानक उमटलेल्या मदतक्रमांकावर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत फोन क्रमांक नसतो. फोनवरचा गोड बोलणारा मनुष्य ओटीपी मागतो, यंत्राचा ताबा आपल्याकडे घेतो, आणि बंद दाराच्या चिंतेत असलेले कुटुंब बँकेतील पैसेही गमावून बसते. अशी फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

आधीची तरतूद

तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. म्हणून प्रत्येक घराने एखाद्या रविवारी अर्धा तास काढून पुढील तरतूद करावी.

एक छोटी वही करावी. तीत यंत्रावरील खात्यांची नावे, त्यांना जोडलेला मोबाइल क्रमांक व ई-मेल, आणि अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली स्वच्छ अक्षरांत लिहावी. प्रत्येक गट ११ ने तपासून पाहावा. ही वही शिधापत्रिका व जन्मदाखले यांच्याबरोबर कपाटात ठेवावी. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून यंत्रालाच चिकटविण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी.

महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर अथवा वेगळ्या तबकडीवर ठेवावी, आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे दुसऱ्या यंत्रावर पाहावे. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी.

यंत्रावर घरातील जबाबदार व्यक्तीचे, पूर्ण अधिकार असलेले दुसरे खाते असावे. एका दाराचे कुलूप बिघडले तर मागील दाराने आत जाता येते.

अपडेटची वेळ आपण निवडावी. अर्जाच्या मुदतीच्या किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री ती करू नये. विंडोजमध्ये अपडेट काही आठवडे पुढे ढकलण्याची सोय आहे. परंतु काम उरकताच ती करून घ्यावी, कायमची टाळू नये.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणकाची माहिती आईवडिलांपेक्षा मुलांनाच अधिक असते. त्यामुळे यंत्र अडले की घरातील मंडळी तुमच्याकडे पाहतात. त्या वेळी तुमच्या बोटांच्या चपळाईपेक्षा तुमच्या चित्ताची स्थिरता अधिक उपयोगी पडेल. पडद्यावरचा संदेश पूर्ण वाचा, तो कागदावर उतरवून घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिचा परिणाम पाहा. आजीची छायाचित्रे, भावाचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि वडिलांचे दाखले त्या बंद दारामागे बहुधा सुखरूप असतात. ते तसेच सुखरूप बाहेर काढणे पुष्कळ अंशी तुमच्या हाती आहे.